होडी डोक्यावर

शिवाजी पार्कच्या आमच्या कट्ट्यावरचं एखादं तरी जोडपं दर उन्हाळ्यात अमेरिकेला निघालेलं असतं. मुलगा मिनेसोटात, आणि त्याने आई-बाबांसाठी कनूची, म्हणजे वल्ह्याने हाकायच्या लांबट अरुंद होडीची, सहल ठरवून टाकलेली. बरोबर गाईड, चार रात्री तंबूत, जंगलातल्या तळ्यांत मासेमारी. फोटोत निळं पाणी, लाल होडी, वल्हं हातात धरून हसणारी माणसं. फोटोत नसतं ते मी सांगतो. या सहलीत आपण होडीत बसतो तशी होडीही आपल्यावर बसते.

जागेचं नाव बाउंड्री वॉटर्स. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीला लागून साधारण ४,४०० चौरस किलोमीटर जंगल आणि त्यात ११०० हून जास्त तळी. म्हणजे बोरिवलीचं नॅशनल पार्क ४० वेळा, आणि मक्याचं कणीसवाला एकही नाही. घोटाळा असा की दोन तळ्यांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी कोरडी जमीन. एक तळं संपलं की होडीसकट सगळा संसार उचलून पायवाटेने पुढच्या तळ्यावर न्यायचा. याला पोर्टेज म्हणतात. आपल्या हिशेबाने दादरला गाडी बदलणे, फक्त गाडीही आपणच उचलायची.

पोर्टेजचं अंतर रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कनूची लांबी. बारा डब्यांची लोकल साधारण ५० रॉड भरते. तेव्हा नकाशावर ‘८०’ वाचून ‘एवढंच ना’ म्हणू नका. वाट मुळांची, दगडांची, मधूनच चिखलाची. शिवाय सामान एका खेपेत जात नाही. दोन खेपा म्हणजे चालणं दुप्पट नव्हे, तिप्पट: एकदा नेणे, मोकळ्या हाताने परत येणे, पुन्हा नेणे. चौथीतल्या मुलाला जमणारं हे गणित बॅग भरताना एकालाही सुचत नाही.

केवलार नावाच्या हलक्या, चिवट कृत्रिम धाग्याची १७ फुटी कनू २० किलोच्या आसपास असते, ॲल्युमिनियमची ३४ च्या घरात. भरलेला गॅस सिलिंडर याच दोघींच्या मध्ये कुठेतरी. होडीच्या मधोमध खांद्यांवर टेकवायला एक आडवं लाकूड असतं, त्याला तिथे जूच म्हणतात; बैलाच्या मानेवरचं असतं तेच. उचलायची रीत अशी. होडी कलती करून मांड्यांवर घ्यायची, एक हात जुवावर, दुसऱ्या हाताने पलीकडची कड पकडायची, गुडघ्याने एक झटका द्यायचा आणि त्याच दमात होडी डोक्यावरून उलटी. खांद्यांवर जू नीट बसलं की पुढचं टोक किंचित वर, नाहीतर स्वतःच्या बुटांखेरीज काही दिसत नाही. चुकतं कुठे? लोक मांड्यांचा जोर लावायचा सोडून कमरेचा लावतात. दुसरी चूक म्हणजे ‘दोघं मिळून उचलू’. पुढच्याला खड्डा लागतो तेव्हा मागच्याला दगड लागतो, आणि मग जे बोलणं होतं ते घरी आल्यावरही संपत नाही. एकानेच उचला. संसार टिकतो.

गाईड म्हणजे हमाल नव्हे, हेही सांगून ठेवतो. तो बहुधा एक होडी आणि खाण्याचं पोतं उचलेल. तुमचे कपडे तुमच्याच पाठीवर.

केवलार दगडाला घासली की खरवडते, कधी चिरतेही, म्हणून होडी काठावर ओढायची नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून, ती तरंगत असतानाच सामान भरायचं; जड ते तळाशी, मधोमध. बूट दिवसभर ओले. जुलैत हिंदमाताला चाललेल्या माणसाला याचं वेगळं शिक्षण लागत नाही. पाणी निथळणारा जोड दिवसा, कोरडा जोड फक्त तंबूपाशी. दोन्ही ओले केलेत की मग पाय तुमचे आणि वास सगळ्यांचा.

वल्हवण्याबद्दल एवढंच, की जड माणूस मागे. दुपारी वारा उठतो आणि मोठ्या तळ्यात लाटा येतात, म्हणून मोठं तळं सकाळीच पार करायचं.

आता मासे. वॉलाय या माशाच्या डोळ्यात उजेड परतवणारा थर असतो, अंधूक प्रकाशात त्याला छान दिसतं, त्यामुळे तो संध्याकाळी नि पहाटे गळाला लागतो. शिशाचं डोकं असलेला सात ग्रॅमचा गळ, त्याला जळू. आपल्याकडे पावसाळी ट्रेकला फुकट चिकटते तिची पाण्यातली बहीण तिथे डझनावर विकत घ्यायची! गळ तळाला टेकू द्यायचा, वीतभर उचलायचा, पुन्हा सोडायचा. तळ दगडांचा, गळ अडकून तुटतात, माणशी दहा-बारा तरी जवळ हवेत. वॉलाय पांढरा, मऊ, बिनकाट्याचे तुकडे सहज निघतात. नॉर्दर्न पाइक हा तिथला दुसरा मासा मात्र करलीचा चुलतभाऊ, काटे दुबेळक्यासारखे फाटलेले. पहिल्यांदा खाणाऱ्याने बोलत बोलत खाऊ नये.

काचेच्या बाटल्या आणि टिनचे डबे जंगलात न्यायला बंदी आहे, तेव्हा लोणच्याची बरणी घरीच. आगळ प्लास्टिकच्या बाटलीत, रवा, तांदळाचं पीठ, तिखट, हळद पिशव्यांत. गाईड मासा मक्याच्या पिठात घोळवतो. वाद घालू नका, फक्त त्याचा तवा मागून घ्या.

राहता राहिलं अस्वल. वास येणारं सगळं, म्हणजे टूथपेस्ट आणि हिंगाची डबीसुद्धा, पोत्यात भरून झाडावर टांगायचं: जमिनीपासून १२ फूट वर, खोडापासून सहा फूट लांब. दोरीला दगड बांधून फांदीवरून फेकायचा असतो, आणि तो चौथ्या फेकीपर्यंत फेकणाऱ्याकडेच परत येतो. बाकीच्यांनी मागे सरावं. हंडी फोडण्यात हयात गेलेल्या शहराला इथे न फुटणारी हंडी बांधायची आहे. गोविंदा एकटाच, पण त्याला घाई नसते. उजेड असतानाच बांधून टाका. आणि चहा-साखरही त्याच पोत्यात आहे, तेव्हा शेवटचा कप आधी पिऊन घ्या.