वीरगळ आणि बर्लिनचा फूटपाथ

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. उभारून नऊ महिनेही झाले नव्हते. तेव्हापासून घरी फोन केला की स्मारकांचा विषय निघतोच. मालवणला आता आधीपेक्षा उंच पुतळा उभा आहे. अरबी समुद्रातल्या स्मारकाचं जलपूजन डिसेंबर 2016 मध्ये झालं, पण त्याचीही चर्चा फिरून फिरून उंचीवरच येते. बर्लिनमध्ये हे ऐकताना राहून राहून वाटतं, की आठवण जपण्यासाठी आपल्याकडे एक फार जुना शब्द आहे आणि या वादात तो कुणाच्या तोंडी येत नाही. वीरगळ.

हा शब्द आपल्याला कन्नडने दिला. 'कल्लु' म्हणजे दगड, 'वीरगल्लु' म्हणजे वीराचा दगड. मराठीत त्याचा 'गळ' झाला. सीमाप्रश्नावरून पाट्यांना काळं फासलं जातं, आणि पडलेल्या शूराला मान देण्याचा आपला शब्द मात्र पलीकडून आलेला आहे. मला हे मोलाचं वाटतं.

बरेचसे वीरगळ कमरेइतकेच उंच. तळाच्या चौकटीत लढाई, कितीतरी ठिकाणी गावची गुरं पळवणाऱ्यांशी. वर अप्सरा त्या वीराला घेऊन निघाल्यात, त्याच्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला तर जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. राजाच्या पदरी नसलेल्या, गुरांसाठी जीव दिलेल्या माणसालाही गावाने दगड उभारला, याचं मला फार अप्रूप आहे.

इथे जर्मनीत फूटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचे चौकोनी पितळी दगड बसवलेले दिसतात. 'श्टोल्परश्टाइन', अडखळायचा दगड. गुंटर डेमनिग या कलावंताने 1990च्या दशकात ते बसवायला सुरुवात केली. 2023 मध्ये त्यांची संख्या एक लाखावर गेली. नाझींनी ज्यांना नेलं त्यांच्या घरासमोर हा दगड असतो. 'इथे राहत होती', मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. 9 नोव्हेंबरच्या, म्हणजे 1938 साली ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास शेजारपाजारचे लोक फूटपाथवर गुडघे टेकून हे दगड घासतात. आमच्या इमारतीतल्या एक आजी जुन्या टूथब्रशने अक्षरांच्या खाचांतली माती काढत बसतात.

हेच आपल्याकडे आणा, असं मी म्हणणार नाही. पुस्तकाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो, नाव पायाखाली कसं ठेवणार? हा आक्षेप इथेही आहे. म्युनिकने सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवू दिलेले नाहीत. तिथल्या ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोट क्नोब्लोख यांचं म्हणणं असं, की मारल्या गेलेल्यांची नावं पुन्हा तुडवली जातात. मला ते पटतं. शिवाय जर्मनांची आठवण अपराधाची, वीरगळाची आठवण अभिमानाची.

मला हेवा वाटतो तो फक्त त्या घासण्याचा. दगड त्या गल्लीचा आहे, म्हणून गल्लीच त्याचं बघते. आपल्याकडे वीरगळ कुठे देवळामागे पालथा पडलेला असतो, कुठे त्याच्यावर धुणं आपटतात. शेंदूर लावून त्याचा देव केला तर मला वाईट वाटत नाही, निदान कुणी फूल तरी वाहतं. जीव तुटतो तो जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्याच्यावर ऑइल पेंट चढवतात किंवा त्याला सिमेंटमध्ये पुरतात तेव्हा.

पुतळ्यांना माझा विरोध नाही. शिवरायांपुढे मस्तक झुकतंच. पण त्या खर्चातला अगदी लहानसा वाटा गावोगावच्या वीरगळांची नोंद करायला, शेजारी चौकटींचा अर्थ सांगणारी पाटी लावायला द्यावा. कितीतरी गावांत तरुण मुलं पदरमोड करून हे दगड उचलून सावलीला उभे करतात, त्यांच्या हाती तो पैसा जावा. आमच्या गावी मारुतीच्या देवळामागे असे तीन वीरगळ आहेत. धाकट्या भावाला सांगितलंय, येत्या ग्रामसभेत हा विषय मांड.