बीपी किती, ते डॉक्टरला म्हाईत

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर पंधरा ऑगस्टला एक वाक्य हमखास पडतं : ‘अमेरिकेत सैनिकाचा केवढा मान, नाहीतर आपल्याकडं!’ मग वन रँक वन पेन्शन निघतं, अग्निपथ निघतं, दोन काका ग्रुप सोडतात आणि कुणीतरी मला टॅग करून म्हणतं, ‘तू तिकडचं सांग.’ गाव सातारा जिल्ह्यातलं, मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेलं माणूस जवळपास प्रत्येक घरात. मी एकोणीस वर्षं लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात. यंदा उत्तर लिहायला घेतलं आणि ते ग्रुपच्या मापाबाहेर गेलं.

मान आहे, नाही कशाला म्हणू? विमानात आधी बसवतात, हॉटेलात बिल कमी करतात. पण माझ्या शेजारी व्हिएतनाममध्ये लढलेले एक आजोबा राहतात, त्यांना या कशापेक्षा एका फोनचं अप्रूप आहे. दवाखान्यातली नर्स फोन करते. आजोबा पोर्चमध्ये दंडाला पट्टा बांधून बसतात. ऐकू कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर, आणि आकडे ओरडून. अख्ख्या गल्लीला त्यांचं बीपी ठाऊक आहे. नव्या गोळीनं चक्कर येते का, झोप लागते का, सगळं ती विचारते.

हा फोन कुणा पुढाऱ्याच्या भाषणातून आलेला नाही. निवृत्त सैनिकांचं इथलं सरकारी खातं, ज्याला सगळे व्हीए म्हणतात, पूर्वी मोठमोठ्या इस्पितळांचं खातं होतं. माणूस आजारी पडून दाखल झाला की त्याची बडदास्त. बाहेर असताना मात्र त्याचा हक्काचा असा डॉक्टर नाही. आमच्या घरापासून जवळच्या सेपुल्वेदाच्या व्हीएमध्ये नव्वदीच्या सुरुवातीला ही घडी बदलून बघितली : ठरावीक टीम, तिचे ठरावीक रुग्ण. संशोधक डॉ. लिसा रूबेनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं काय फरक पडला ते मोजलं आणि 1996 मध्ये छापलं. मधल्या काळात, जानेवारी 1994 मध्ये, नॉर्थरिजचा भूकंप झाला. तिथल्या खाटा गेल्या, बाह्यरुग्ण विभाग उरला.

रूबेनस्टीनबाईंची सगळी कारकीर्द अशीच, ज्याची बातमी होत नाही अशा कामात गेली. त्यातलं मला सगळ्यात पटलेलं काम नैराश्यावरचं आहे. सैनिक मनोविकाराच्या दाराशी जात नाही. साताऱ्यातला जात नाही, कॅलिफोर्नियातलाही नाही. मग नेहमीच्या दवाखान्यातच एक नर्स नेमायची, तिनं फोनवर पाठपुरावा करायचा, अडलं तर तिच्या मागं मनोविकारतज्ज्ञ. हे आधी मोजक्या दवाखान्यांत करून बघितलं. व्हीएनं 2010 मध्ये देशभर टीमची पद्धत आणली : डॉक्टर, नर्स, मदतनीस नर्स, कारकून, आणि एका डॉक्टरमागं साधारण 1,200 रुग्ण. तीही मोजली गेली. 900 हून जास्त दवाखान्यांच्या पाहणीत असं दिसलं की जिथं ही घडी नीट बसली तिथं रुग्ण जास्त समाधानी होते आणि कर्मचारी कमी पिचलेले.

आता दुसरी बाजू, नाहीतर ग्रुपवर मला ‘अमेरिकेचा जावई’ म्हणतील. याच व्हीएच्या फीनिक्स शहरातल्या इस्पितळाचं प्रकरण 2014 मध्ये उघडकीला आलं. रुग्णाला चौदा दिवसांत डॉक्टरची भेट द्यायचं उद्दिष्ट होतं, त्यावर साहेबांची शाबासकी ठरायची, म्हणून प्रतीक्षायाद्याच लपवल्या गेल्या. मंत्री शिन्सेकींना राजीनामा द्यावा लागला. आकडा वरच्याला खूश करायला लागला की तो खोटा व्हायला वेळ लागत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही तलाठ्याला विचारा. शिवाय व्हीए मुख्यतः सैनिकाला बघतं. शेजारच्या आजीबाईंचा विमा वेगळा आहे. आपल्या ईसीएचएसमध्ये, म्हणजे 2003 पासूनच्या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, बायको येते, अवलंबून असलेले आईबापसुद्धा येतात. हे मी इथं सांगतो तेव्हा लोक चकित होतात.

मग आपलं अडतं कुठं? माझे चुलते, आप्पा, हवालदार म्हणून निवृत्त झाले. दर महिन्याला पहिल्या एसटीनं जिल्ह्याच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकला जातात आणि गोळ्या घेऊन दुपारी परततात. तक्रार काही नाही. डॉक्टर बरे आहेत म्हणतात. मी विचारलं, ‘आप्पा, बीपी किती असतं हल्ली?’

‘त्ये डॉक्टरला म्हाईत.’

‘आणि पेन्शन?’

रुपयापर्यंत आकडा सांगितला. कँटीनच्या रमचा कोटाही सांगितला, न विचारता.

ग्रुपवर आमचंही तेच. पेन्शनचा हिशोब तोंडपाठ, आणि दरमहा गोळ्या नेणाऱ्या शंभरातल्या किती जणांचं बीपी आटोक्यात आहे, हा प्रश्न मी तिथं एकदाही निघालेला पाहिला नाही. अग्निपथावर रान उठतं ते नोकरीवरून. चार वर्षांनी घरी येणाऱ्या तीन-चतुर्थांश पोरांना ईसीएचएस नाही, त्यांची झोप, त्यांचे गुडघे कोण बघणार, यावर दोन ओळीसुद्धा नाहीत. माझं मागणं लहान आहे : एका जिल्ह्यात, वाटल्यास साताऱ्यातच, योजनेच्या आतला पगारी माणूस नेमा, ज्याचं काम फक्त विचारणं आणि मोजणं. त्याची बढती त्या आकड्यांवर ठेवू नका, एवढं फीनिक्सकडून शिका.

आप्पांना मी बीपीचं मशीन पाठवलंय. रविवारी व्हिडिओ कॉलवर दंडाला पट्टा बांधतात आणि आकडा काकू वाचतात. गेल्या रविवारी 160 होता. ‘मशीन चायनाचं असंल,’ म्हणाले आणि पट्टा सोडून काकूंच्या दंडाला बांधू लागले.