मास्क शिवणे हे काम होते, त्याची मजुरी द्या

आज महिला दिनाच्या कार्यक्रमासाठी तालुक्याच्या गावी गेले होते. भाषणाच्या ओघात व्यासपीठावरच्या एका पाहुण्यांना कोरोनाचा काळ आठवला आणि "आमच्या भगिनींनी लॉकडाऊनमध्ये मास्क शिवण्याचा छान विरंगुळा शोधला," असे ते कौतुकाने म्हणाले. टाळ्याही पडल्या. त्यांच्या मनात वाईट काही नसेल, पण ते वाक्य ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो अजून शांत झालेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना तो विरंगुळा वाटतो, त्यांनी एप्रिल २०२० मध्ये आमच्या शेजारच्या काकूंच्या छपरीत यायला हवे होते. वर तापलेला टिन आणि खाली पायमशीनवर वाकलेल्या काकू. काका गेल्यापासून ब्लाऊज आणि फॉल-पिकोवर त्यांचे घर चालते, आणि ऐन लग्नसराईच्या तोंडावर लॉकडाऊन लागल्याने ती सगळी शिलाई बुडाली होती. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्र सरकारने लोकांनी घरी तयार केलेला कापडी मास्क वापरावा अशी सूचना काढली, परंतु कापड आणायचे कोठून, हे कोणी सांगितले नाही. बाजारपेठ बंद होती. कापसाची खरेदी ठप्प झाल्यामुळे आमच्याकडे घराघरांत कापूस पडून होता, आणि त्याच गावात मीटरभर नवे सुती कापड मिळत नव्हते. काकूंनी ब्लाऊजसाठी आणून ठेवलेले अस्तराचे सगळे कापड पेटीतून काढले. ते स्वतःच्या पैशाने घेतलेले होते, हे येथे मुद्दाम सांगते.

मी त्यांना कापायला मदत करायला जात असे. पहिल्याच दिवशी मी एक जुनी ओढणी नेली, तर त्यांनी ती उन्हाकडे धरली आणि म्हणाल्या, "सूनबाई, कपडा असा उजेडात धरून पाहजो. पलीकडचं बोट दिसलं तं तो आपल्या कामाचा नाई." ओढणी परत आली. सुती कापड आधी पाण्यात भिजवून, वाळवून, मगच त्याला कात्री लावायची, कारण न भिजवता शिवलेला मास्क पहिल्या धुण्यात आटतो आणि नाक उघडे पडते, हे त्यांना कोणत्याही प्रशिक्षणात सांगावे लागले नाही. इलॅस्टिक संपले तेव्हा त्यांनी त्याच कापडाच्या नाड्या काढल्या. एका मास्कला चार नाड्या, आणि प्रत्येक नाडी दोन्ही कडा आत दुमडून टीप मारल्याशिवाय टिकत नाही. मास्कपेक्षा नाड्यांनाच जास्त वेळ जाई. मात्र कानामागे अडकवण्यापेक्षा डोक्यामागे बांधलेला मास्क उन्हात काम करणाऱ्या माणसाला कमी काचतो, हे आमच्या गावातल्या मजूर बायांनी लगेच ओळखले.

५ जून २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तीन थरांच्या कापडी मास्कची शिफारस केली: आतला थर घाम आणि ओलावा शोषणाऱ्या सुती कापडाचा, बाहेरचा पॉलिस्टरसारख्या पाणी न शोषणाऱ्या कापडाचा आणि मधला थर न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा. मी मोबाईलवर वाचून दाखवले. काकूंनी गल्लीतून जुन्या पॉलिस्टर साड्या मागून आणल्या आणि मधल्या थरासाठी लग्नांत मिळालेल्या नॉन-वोव्हन पिशव्या उसवल्या. तीन थर घेतले की चुण्यांच्या जागी कापडाचे नऊ पदर येतात. तेथे रोजची बारीक सुई अडते, मोडते. नवी जाड सुई आणायला दुकान उघडे असण्याची वाट पाहावी लागे. मशीनचा पट्टा सैल झाला तर तो कापून, पुन्हा जोडून, पायांनी जास्त जोर लावून त्या बसत. रात्री गुडघ्यांना तेल चोळताना त्यांच्या तोंडून निघणारा आवाज मी ऐकला आहे. याला विरंगुळा म्हणणाऱ्यांनी ती मशीन एक दुपार तरी चालवून पाहावी.

कापडी मास्क एन-९५ ची बरोबरी करीत नाही, हे मान्य आहे. डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण यांच्यासाठी तो नाही, हे सरकारच्या सूचनेतच म्हटले होते. पण आमच्या गावात एन-९५ होता कोणाकडे? सरकारने मार्च २०२० मध्ये तीन पदरी वापरून फेकायच्या मास्कची किंमत १० रुपयांपर्यंत बांधून दिली. पाच माणसांच्या घराने रोज एकेक वापरला तरी ५० रुपये झाले, आणि रोजगार हमीची मजुरी तेव्हा महाराष्ट्रात दिवसाला २३८ रुपये होती. लोक तो फेकायचा मास्क आठवडाभर खिशात कोंबून वापरत, तो मळून काळा पडे, आणि शेवटी नाल्यात जाई. साबणाने धुऊन कडक उन्हात पाच तास वाळवला की पुन्हा वापरता येणारा मास्क आम्हाला परवडला, आणि विदर्भात निदान उन्हाची तरी टंचाई नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण वाढून पुन्हा लॉकडाऊन लागला, तेव्हा लोक दुकानांकडे वळण्याआधी काकूंच्या दाराशी आले होते.

आता जे सांगायचे आहे ते सांगते. गल्लीसाठी शिवलेल्या मास्कचे पैसे काकूंनी मागितले नाहीत आणि मागितलेही नसते. पण त्याच काळात एका कार्यालयाने नगामागे दर ठरवून त्यांच्याकडून मास्क शिवून घेतले, गठ्ठे मोजून नेले, वाटपाचे फोटो काढले. पैसे आले ते पुढच्या दिवाळीनंतर, आणि तेही ठरलेल्या दरापेक्षा कमी. धागा, सुया, नाड्यांचे कापड यांचा हिशेब कोणी धरलाच नाही. विचारायला गेल्यावर उत्तर मिळाले, "काकू, समाजाचं काम आहे, त्यात काय पैसे पाहता?" ज्या ट्रकने ते गठ्ठे नेले त्याच्या डिझेलचे पैसे दिले गेले, फ्लेक्सवाल्याचे दिले गेले, आणि समाजाचे काम फक्त काकूंच्या वाट्याला आले. राज्यात पुष्कळ बचत गटांना मास्कमधून चांगले पैसे मिळाले, हेही खरे आहे, आणि त्यांचा मला आनंदच आहे. म्हणजे देता येत होते. मग येथे का दिले नाहीत?

बाईच्या हातचे काम घरात बसून झाले की त्याची मजुरी धरायची नाही, ही आपली जुनी खोड आहे. शेवया, पापड, गोधड्या, आणि आता मास्क. निंदणाला गेलेल्या बाईला कमी का होईना रोज मिळतो. मशीनवर बसलेल्या बाईला टाळ्या मिळतात.

परतताना बसमधून हरभऱ्याचे थ्रेशर चाललेले दिसले. भुशाच्या लोटात दोन बाया तोंडाला मास्क बांधून उभ्या होत्या, चार नाड्यांचे. कोणाचे शिवलेले होते ते मला ठाऊक नाही, पण ते पाहून राग जरा निवला. साथ ओसरली तरी मळणीची धूळ दरवर्षी आहे, जिनिंगमधला कापसाचा तंतू आहे, आणि त्यासाठी हा मास्क घराघरांत असायला हवा. फवारणीसाठी मात्र तो अजिबात वापरू नका; कापड औषध शोषून घेते आणि ते थेट नाकातोंडाशी राहते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी मांडणार आहे. शेतमजूर बायांसाठी धुळीचे मास्क गावातच शिवून घ्यावेत, कापड-धागा पंचायतीने द्यावा, नगामागे मजुरीचा दर आधी ठरावात लिहावा आणि माल उचलताना त्याच दिवशी पैसे द्यावेत. काकूंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "दर लिहून आण, मंग मी सुई आणतो." तुमच्या गावातही शिलाई करणाऱ्या बाया आहेत. ग्रामसभेचा अर्ज कसा लिहायचा हे हवे असेल तर मला मेसेज करा, मी नमुना पाठवते.