बोटातली गाठ, सुई आणि चाकू

मावसभावाची करंगळी क्रिकेटचा चेंडू अडवताना मोडली. एक्स-रेमध्ये हाडात गाठ दिसली आणि रात्री फॅमिली ग्रुपवर तो फिरता मेसेज आलाच: "बोटाच्या हाडातली गाठ म्हणजे कॅन्सर. सुई टोचली की पसरते, मग बोट कापतात. त्यापेक्षा लेप लावा, चोळा, विरेल."

आधी कॅन्सरचं. हाताच्या हाडात सुरू होणाऱ्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त आढळते ती एन्कॉन्ड्रोमा, म्हणजे हाडाच्या पोकळीत वाढलेली कूर्चा. ही साधी गाठ. वर्षानुवर्षं दुखतसुद्धा नाही. हाड मात्र अंड्याच्या टरफलाइतकं पातळ होतं आणि किरकोळ धक्क्याने मोडतं. आता हे टरफल चोळायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. (अशा गाठी अनेक हाडांत असतील तर मात्र कायम लक्ष ठेवावं लागतं, तिथे कॅन्सरचा धोका खरोखर जास्त.)

बोट कापतात? या गाठीसाठी नाही. बहुधा आधी मोडलेलं हाड जुळू देतात. मग हाडाला बारीक खिडकी पाडून चमच्यासारख्या हत्याराने आतला निळसर-पांढरा, चकचकीत गर खरवडतात. पोकळीत कमरेच्या हाडाचा चुरा किंवा कृत्रिम हाड भरतात, कधी तशीच सोडतात, तरी हाड भरून येतं. नंतरची खरी कटकट म्हणजे आखडलेलं बोट. जायंट सेल ट्यूमर ही हाडाची दुसरी गाठ, ती वेगळी. ती हातात नुसती खरवडली तर बरेचदा परत येते, आणि क्वचित बोट गमवावंही लागतं.

सुईचं अर्धं खरं आहे. सुईने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. पण गाठ मुळातच घातक असेल तर बायोप्सीच्या (तपासणीसाठी सुईने तुकडा काढण्याच्या) वाटेवर पेशी सांडू शकतात. म्हणून पुढे जिथे चीर द्यायची त्याच रेषेत सुई घालतात, आणि ती जागा ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवलेली बरी.

मेसेजवाल्यांना माहीत नसलेली भीती वेगळीच आहे. हातातली एन्कॉन्ड्रोमा सूक्ष्मदर्शकाखाली मांडीच्या हाडातल्या गाठीपेक्षा दाट पेशींची, उग्र दिसते. नुसती स्लाइड पाहिली तर कॉन्ड्रोसार्कोमाचा, म्हणजे कूर्चेच्या कॅन्सरचा, संशय येऊ शकतो. परळला टाटामध्ये सेकंड ओपिनियनला जाताना स्लाइड आणि ब्लॉकसोबत (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) एक्स-रेही न्या. मावसभावाने एक्स-रे घरीच ठेवला होता. पॅथॉलॉजिस्टनी फोन करून मागवला, तो बघितला आणि मगच रिपोर्टवर सही केली: एन्कॉन्ड्रोमा.