क्रॉमवेलचा जीव एका चित्राने घेतला नाही

इंग्लंडच्या ट्यूडर राजांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास पुढे येते. ती थोडक्यात अशी: तिसरी राणी वारल्यावर आठव्या हेन्रीसाठी वधूसंशोधन सुरू झालं. मंत्री थॉमस क्रॉमवेलने जर्मनीतल्या क्लीव्ह्जच्या ड्यूकची बहीण ॲन सुचवली. चित्रकार होल्बाइनने तिचं होतं त्यापेक्षा देखणं चित्र काढलं आणि राजा भुलला. मुलगी समोर उभी राहिली तेव्हा ‘ही तर फ्लँडर्सची घोडी’ म्हणून भडकला आणि फसवणुकीची शिक्षा म्हणून क्रॉमवेलचं मुंडकं उडवलं. तेही शत्रूंनी मुद्दाम दारू पाजलेल्या जल्लादाकडून, राजाच्या पुढच्या लग्नाच्या दिवशी.

गोष्ट चटकदार आहे, म्हणून टिकली. मला तिचा राग येतो, कारण ती एका चोवीस वर्षांच्या परक्या मुलीच्या चेहऱ्यावर एका राजकीय हत्येचं खापर फोडते आणि ज्यांनी ती हत्या घडवली त्यांना मोकळं सोडते. तिचा एकेक तुकडा घेऊन बघू.

आधी चित्र. ऑगस्ट 1539 मध्ये हान्स होल्बाइनने ड्यूरेन इथे ॲनला समोर बसवून ते काढलं. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. हेन्रीचा वकील, म्हणजे राजदूत, निकोलस वॉटन तेव्हा क्लीव्ह्जच्या दरबारातच होता, ॲनला त्याने पाहिलं होतं, आणि चित्र हुबेहूब उतरलंय असं त्याने राजाला कळवलं. चित्रामुळे राजा खरोखर फसला असता तर पहिला बळी कोणाचा गेला असता? चित्रकाराचा, नाहीतर त्या वकिलाचा. दोघांच्याही केसाला धक्का लागला नाही. होल्बाइन राजाच्या चाकरीत राहिला आणि 1543 मध्ये लंडनला वारला. वॉटनची कारकीर्द तर पुढे बरीच वर्षं चालली.

‘फ्लँडर्सची घोडी’ हे शब्द हेन्रीच्या तोंडचे असल्याचा त्या काळातला एकही पुरावा नाही. ते छापले बिशप गिल्बर्ट बर्नेटने, 1679 मध्ये, म्हणजे घटनेनंतर सुमारे एकशे चाळीस वर्षांनी. राजा खरोखर जे बोलला ते साधं होतं: मला ती आवडली नाही.

का आवडली नाही, याचं उत्तर रॉचेस्टरच्या प्रसंगात सापडतं. 1 जानेवारी 1540 ला हेन्री वेष पालटून, मोजके सोबती घेऊन ॲनच्या मुक्कामी अचानक जाऊन थडकला. ती खिडकीशी उभी राहून अंगणात चाललेला बैल-कुत्र्यांचा खेळ बघत होती. एका अनोळखी, धिप्पाड, वयस्क माणसाने येऊन तिला मिठी मारली, भेटवस्तू दिली. तिला इंग्रजी येत नव्हतं, हा कोण हेही ठाऊक नव्हतं. तिने त्याच्याकडे फारसं लक्ष न देता पुन्हा खिडकीबाहेर नजर लावली. मग राजा दुसऱ्या खोलीत गेला, जांभळा मखमली झगा चढवून परत आला, आणि सरदार झुकले तेव्हा कुठे तिला उलगडा झाला. वेषांतर केलं तरी प्रेयसी राजाला ओळखतेच, असा दरबारी शौर्यकथांचा संकेत. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, पायाच्या चिघळलेल्या जखमेने बेजार असलेल्या हेन्रीला त्या दिवशी आपण सर्वसामान्यांना कसे दिसतो ते कळलं. माझ्या मते बिनसलं ते इथेच. ॲनच्या रूपाबद्दलची राजाची तक्रार ही दुखावलेल्या माणसाची तक्रार आहे, आणि आपण ती पाच शतकं साक्ष म्हणून वाचतोय.

आता मुख्य दावा: ‘लग्न जमवलं म्हणून क्रॉमवेल मारला गेला.’

हे लग्न म्हणजे क्रॉमवेलची खाजगी हौस नव्हती. जानेवारी 1539 मध्ये फ्रान्सचा राजा फ्रान्सिस आणि पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट चार्ल्स यांनी तोलेदोला तह केला. आपल्याला न विचारता इंग्लंडशी दोस्ती करायची नाही, असं दोघांनी एकमेकांना वचन दिलं. पोपने हेन्रीला धर्मबहिष्कृत केलेलंच होतं. इंग्लंडवर स्वारी होणार या भीतीने दक्षिण किनाऱ्यावर किल्ले बांधायला घेतले होते. अशा वेळी ऱ्हाइनकाठचा एखादा मित्र हवा, हे राजालाही पटलं होतं.

मग तारखा पाहा. लग्न झालं 6 जानेवारी 1540 ला. राजाची नाराजी लग्नाआधीच क्रॉमवेलच्या कानावर आली होती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तर, आधी आवडली नव्हती, आता त्याहून आवडत नाही, असं राजाने त्याला तोंडावर सांगितलं. आणि 18 एप्रिलला याच राजाने याच क्रॉमवेलला एसेक्सचा अर्ल केलं, शिवाय इंग्लंडचा ग्रेट चेंबरलेन हे मानाचं पद दिलं. राजा लग्नावरून सूड घ्यायला टपला होता म्हणावं, तर मधल्या तीन महिन्यांत ही बढती कशी? फेकलेल्या गोष्टीत 18 एप्रिल कधीच येत नाही, कारण ती तारीख आली की गोष्ट उभी राहत नाही.

सगळ्यात भक्कम कागद म्हणजे खुद्द दोषारोप. क्रॉमवेलवर खटला चाललाच नाही. संसदेने ‘ॲटेंडर’ मंजूर केला, म्हणजे साक्षीपुरावा, बचाव काहीही न होता कायदा करूनच माणसाला देशद्रोही ठरवलं. 29 जून 1540 ला हे काम पुरं झालं. त्या कायद्यात आरोप कोणते? धर्मद्रोह्यांना आसरा दिला, संशयितांना तुरुंगातून सोडवलं, राजाला न विचारता हुकूम काढले, हलक्या कुळातला असून उमरावांना धमकावलं. शिवाय हा एक: 31 मार्च 1539 ला लंडनमध्ये तो म्हणाला, की राजा नव्या, प्रॉटेस्टंट वळणाच्या धर्ममतापासून फिरला तरी मी फिरणार नाही, हातात तलवार घेऊन लढेन. ॲनच्या लग्नाचा त्यात एक शब्दही नाही. लग्न हाच गुन्हा असता तर तो लिहायला कोणाचं भय होतं?

आरोप नीट वाचले की मारेकऱ्यांचे चेहरे दिसू लागतात. विंचेस्टरचा बिशप स्टीफन गार्डिनर आणि नॉरफोकचा ड्यूक थॉमस हॉवर्ड. गार्डिनरला जुनी पूजापद्धती टिकवायची होती. 1539 च्या ‘सहा कलमां’च्या कायद्याने ख्रिस्तप्रसादाबद्दलचं जुनं मत (पूजेतली भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात) नाकारणाऱ्याला जाळायची तरतूद केली होती, आणि हेन्रीला त्या एका मुद्द्यावर कसलीही सूट मान्य नव्हती. क्रॉमवेल आतून तसल्या पाखंड्यांचा पाठीराखा आहे, हे राजाच्या मनात भरवणं म्हणजे वर्मावर घाव घालणं.

नॉरफोकचं दुखणं वेगळं. क्रॉमवेल हा पटनीच्या लोहाराचा पोरगा. बाप वॉल्टर लोहारकाम करायचा, दारूही गाळायचा. पोरगा घर सोडून इटली, ॲंटवर्प फिरला, व्यापार शिकला, वकिली शिकला आणि राजाचा तेव्हाचा मुख्य मंत्री कार्डिनल वुल्झी याच्या पदरी लागला. 1529 मध्ये वुल्झीची सत्ता गेली. त्या वर्षीच्या सर्व संतांच्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, ईशरच्या वाड्यात वुल्झीच्या खाजगीतल्या जॉर्ज कॅव्हेंडिशने क्रॉमवेलला पाहिलं: खिडकीला टेकून, हातात प्रार्थनेचं पुस्तक, डोळ्यांत पाणी. मी लंडनला दरबारात जातो, घडवीन नाहीतर बिघडवीन, असं तो कॅव्हेंडिशला म्हणाला. त्यानंतर दहा वर्षांत त्याने रोमशी असलेलं नातं कायद्याने तोडलं, मठ बरखास्त केले, गावोगावच्या चर्चमध्ये जन्म-लग्न-मृत्यूची नोंदवही ठेवायला लावली आणि इंग्रजी बायबल ठेवायला लावलं. इंग्लंडचा एवढा कारभार लोहाराच्या पोराच्या हाताखालून जातो, हे हॉवर्ड घराण्याला गिळवत नव्हतं.

10 जूनला वेस्टमिन्स्टरला मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याला पकडलं. फ्रेंच वकील मारियाकने ते वर्णन मायदेशी कळवलं आहे. क्रॉमवेलने संतापून टोपी जमिनीवर आपटली, माझ्या सेवेचं हेच का फळ, मी द्रोही आहे का, सांगा, असं विचारलं. कोणी द्रोही म्हणालं, कोणी म्हणालं तूच केलेल्या कायद्याने तुझा निवाडा होऊ दे. नॉरफोकने स्वतः पुढे होऊन त्याच्या गळ्यातलं संत जॉर्जचं पदक ओढून काढलं. साउदॅम्प्टनच्या अर्लने, जो कालपर्यंत त्याचा मित्र म्हणवत होता, गार्टर या सरदारी सन्मानाची निशाणी सोडवली. मग मागच्या दाराने होडीत घालून टॉवरच्या तुरुंगात.

तूच केलेल्या कायद्याने, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. 1539 मध्ये मार्गरेट पोल या वृद्ध उमराव स्त्रीला याच ॲटेंडरने दोषी ठरवताना क्रॉमवेलने तिच्या घरात सापडलेला नक्षीदार अंगरखा पुरावा म्हणून संसदेत फडकवून दाखवला होता. तिचीही बाजू ऐकली गेली नव्हती. मी त्याची बाजू घेतोय म्हणून हे झाकून ठेवणार नाही.

मग लग्नाचा काहीच संबंध नव्हता का? होता. वसंत ऋतूपर्यंत फ्रान्स आणि सम्राट यांच्यात पुन्हा कुरबूर सुरू झाली, क्लीव्ह्जची गरज उरली नाही. राजाचं मन कॅथरिन हॉवर्डवर बसलं होतं, आणि ती नॉरफोकची पुतणी. राजाला ॲनपासून सोडवायचं म्हणजे नॉरफोकच्या घरात राणीपद द्यायचं. जूनच्या सुरुवातीला सहकारी रायथस्लीने काहीतरी मार्ग काढा म्हणून गळ घातली, तेव्हा काम मोठं अवघड आहे, एवढंच क्रॉमवेल म्हणाला. लग्नाने त्याला कोंडीत पकडलं, हे मान्य. कोंडी म्हणजे गुन्हा नव्हे. आणि ज्याचा जीव लग्नासाठी घ्यायचा, त्याच्याकडूनच टॉवरमध्ये लग्नाविरुद्धची साक्ष लिहून घेतली गेली, हेही विसरू नये. 30 जूनच्या पत्रात त्याने ती लिहिली आणि शेवटी तीनदा दयेची भीक मागितली. 9 जुलैला धर्मपरिषदेने लग्न रद्द केलं.

जल्लादाला दारू पाजल्याचा प्रसंग दूरचित्रवाणीच्या मालिकेत दिसतो. इतिहासकार एडवर्ड हॉल एवढंच सांगतो, की फाटक्या, खाटकासारख्या माणसाने आपलं काम फार वाईट केलं. दारूचा आणि कटाचा उल्लेख तिथे नाही. लग्नाचा दिवस मात्र खरा आहे: 28 जुलै 1540, इकडे टॉवर हिलवर क्रॉमवेल, तिकडे ओटलंड्सला हेन्री आणि कॅथरिन. पण दोनच दिवसांनी, 30 जुलैला, स्मिथफील्डला तीन सुधारणावादी धर्मोपदेशक जाळले आणि तीन कॅथलिक फासावर चढवले. त्या आठवड्यात काय चाललं होतं हे कळायला लग्नापेक्षा हे सहा मृत्यू जास्त उपयोगी आहेत.

‘नाटकांतूनही हेच आलंय’ असं म्हणणाऱ्यांनी जुनी नाटकं काढून बघावीत. 1602 मध्ये ‘थॉमस लॉर्ड क्रॉमवेल’ हे नाटक छापलं गेलं. शेक्सपिअर ज्या मंडळीत होता त्याच मंडळीने ते केलं होतं, त्यावर ‘डब्ल्यू. एस.’ एवढीच अक्षरं आहेत, आणि ती शेक्सपिअरची समजून पुढे 1664 मध्ये ते त्याच्या नाटकांच्या संग्रहात शिरलं. त्यात क्रॉमवेलचा घात करतो गार्डिनर, विकत घेतलेल्या खोट्या साक्षीदारांकरवी, आणि राजाची माफी पोहोचते तेव्हा उशीर झालेला असतो. माफीचा भाग नाटककाराच्या मनचा. पण खुनी कोण हे त्याने अचूक हेरलं, साठ वर्षांनी का होईना. 1613 च्या ‘आठवा हेन्री’ नाटकात पडलेला वुल्झी क्रॉमवेलला महत्त्वाकांक्षा टाकून दे म्हणून विनवतो. गार्डिनरचं आणि त्याचं वैर तिथेही दिसतं, मात्र नाटक 1533 मध्ये एलिझाबेथच्या बारशावर थांबतं. पुढचं मरण प्रेक्षकांना आधीच माहीत होतं, म्हणूनच तो प्रवेश त्यांना चटका लावत असणार.

खुद्द राजाचं म्हणणंही ऐकायला हवं. मार्च 1541 मध्ये मारियाकने कळवलं, की हेन्री आपल्या मंत्र्यांना दोष देतोय: क्षुल्लक निमित्तं काढून, खोटे आरोप रचून तुम्ही मला माझा सर्वांत इमानी सेवक मारायला लावलात. दुसऱ्यांवर ढकलण्याची त्याची सवय यातही आहे. संमती त्याचीच होती. डिसेंबर 1540 मध्येच त्याने क्रॉमवेलच्या मुलाला, ग्रेगरीला, बॅरन केलं होतं. आणि ॲन? ती ‘राजाची बहीण’ म्हणून इंग्लंडमध्येच राहिली, रिचमंड आणि हीव्हरचे वाडे तिला मिळाले, हेन्रीच्या बाकी पाचही राण्यांनंतर 1557 मध्ये ती वारली आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरली गेली.