लॅपलँडपासून सुरुवात

लेक सहावीत गेली तेव्हा तिने कराडला आजोबांना स्वतःच्या हाताने मराठीत पत्र लिहिलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी लाल पेन घेऊन ते तपासलं आणि फोटो पाठवला. ‘मी शालेत जाते’ याच्या खाली एक रेघ, ‘फला पुसला’ खाली दुसरी. पत्रात कुठेच ‘ळ’ नव्हता.

कारण साधं आहे. आम्ही हेलसिंकीजवळ राहतो. इथल्या शाळांत परदेशी मुलांना घरच्या भाषेचे आठवड्याला दोन तास मिळू शकतात, पण पुरेशी मुलं जमली तरच. आमच्या भागात मराठीचा गट जमला नाही, हिंदीचा जमला. लेक देवनागरी तिथे शिकली आणि हिंदीच्या मुळाक्षरांत ‘ळ’ येत नाही. त्यामुळे 2025च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला, जूनच्या मध्यात तो बदलून आला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली, तेव्हा ती बातमी मी लांबून वाचत नव्हते. ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती.

बाबांचा फोन आला. “अगं, तुमच्याकडे शिक्षणमंत्री कितीदा बदलतात? इथं मंत्री बदलला की आमच्या वह्या बदलतात.”

मला वाटत होतं, इथे मंत्री टिकत असतील. मोजून पाहिलं. महाराष्ट्रात 2014च्या अखेरीपासून शालेय शिक्षण खातं विनोद तावडे, आशिष शेलार, वर्षा गायकवाड, दीपक केसरकर आणि दादा भुसे यांनी सांभाळलं. फिनलंडमध्ये जवळपास तेवढ्याच काळात क्रिस्टा किउरू, सानी ग्रान-लासोनेन, ली अँडरसन, आना-मया हेन्रिकसन आणि आंदेर्स आदलेरक्रेउत्स. पाचाला पाच. ली अँडरसन बाळंतपणाच्या रजेवर असताना युसी सारामो होते, ते धरले तर इथलेच जास्त. मंत्री टिकत नाहीत म्हणून आपलं शिक्षण बिघडतं, हे कारण आपण फार सहज देतो. मला ते आता पटत नाही.

फरक कुठे आहे ते इथल्या शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इतिहासात दिसतं. आज त्याचं नाव शिक्षण व संस्कृती मंत्रालय. मुळात ते चर्चचा कारभार बघणारं खातं होतं, 1922मध्ये नुसतं शिक्षण मंत्रालय झालं आणि 2010मध्ये नावात संस्कृती आली. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा इथे 1921चा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते 1917मध्ये. हे मी इथल्या शिक्षकांना आवर्जून सांगते.

मग येतं 1968. आपल्या पहिल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्रिभाषा सूत्र मांडलं ते याच वर्षी, त्रिगुण सेन केंद्रीय शिक्षणमंत्री असताना. फिनलंडच्या संसदेने त्याच वर्षी सगळ्या मुलांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा, पेरुसकोउलु, आणणारा कायदा केला. तोवर साधारण अकराव्या वर्षी मुलांची वाट फुटायची. काही जण फी भरून ओप्पिकोउलुत, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जात, बाकीचे साध्या लोकशाळेत राहत. खेड्यातल्या मुलाला ओप्पिकोउलु फीमुळेही दूर आणि अंतरानेही दूर. हा कायदा झाला तेव्हा इथले शिक्षणमंत्री होते योहानेस विरोलाइनेन. ते शेतकऱ्यांच्या पक्षाचे नेते, शिवाय 1964 ते 1966 देशाचे पंतप्रधान. पंतप्रधान राहिलेल्या माणसाने शिक्षण खातं घेतलं! बाबांना हे सांगितलं तर त्यांना लगेच पाटणचे बाळासाहेब देसाई आठवले. ते शिक्षणमंत्री असताना कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची फी माफ झाली, ती ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत. बाबा त्या सवलतीवर शिकले. ते नाव ते आजही ‘साहेब’ लावूनच घेतात.

कायदा 1968चा, पण नवी शाळा सुरू झाली 1972मध्ये आणि तीही उत्तरेच्या टोकाला, लॅपलँडमध्ये. तिथून वर्षावर्षाने ती दक्षिणेकडे सरकत आली आणि राजधानीच्या भागात पोचली 1977मध्ये. मधल्या काळात विरोलाइनेन गेले, उदारमतवादी याको इताला आले, मग समाजवादी उल्फ सुंदक्विस्त, मग मध्य पक्षाच्या मार्याता व्याननेन. विरोध कडक होता, दर्जा घसरेल अशी ओरड होती. तरी नव्या मंत्र्याने जुन्याचं काम पुसलं नाही. शिक्षकांची तयारी विद्यापीठांकडे गेली आणि 1979पासून प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागू लागली. गणित आणि भाषांच्या तासाला मुलांच्या हुशारीप्रमाणे केलेले वेगळे गट 1985मध्ये बंद झाले. म्हणजे एका निर्णयाला सतरा वर्षं.

आपल्याकडे पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं घालायचा निर्णय 2023चा, तो रद्द झाला जानेवारी 2025मध्ये. दोन वर्षांत पोरांच्या दप्तरात एक गोष्ट आली आणि गेली. रामकृष्ण मोरे यांनी 2000मध्ये मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली, तिच्यावर कितीही वाद झाले तरी ती टिकली. म्हणजे टिकवणं आपल्यालाही जमतं.

भाषेवरून इथेही भांडणं आहेत. स्वीडिश ही दुसरी राष्ट्रभाषा, बोलणारे जेमतेम पाच टक्के, पण फिन्निश मुलांना ती शिकावीच लागते. या सक्तीला इथे तुच्छतेने ‘पाक्कोरुओत्सी’ म्हणतात. ती ऐच्छिक करा म्हणून नागरिकांनी 50,000हून जास्त सह्यांचा प्रस्ताव आणला, तो 2015मध्ये संसदेत पडला. हेन्रिकसन आणि आदलेरक्रेउत्स हे दोघे स्वीडिश भाषकांच्याच पक्षाचे. तरी पहिलीत मुलावर स्वीडिश कोणी लादत नाही. पहिलीपासून एक दुसरी भाषा असते, ती बहुतेक जण इंग्रजी घेतात. स्वीडिश उशिरात उशिरा सहावीत. आधी ती सातवीत होती.

म्हणून माझं म्हणणं ठाम आहे. हिंदी माझ्या लेकीला आवडते, तिचं ती भलंच करेल. पण सहा वर्षांच्या मुलाच्या पाटीवर काय लिहायचं हे एप्रिलमध्ये ठरवून जूनमध्ये लावायचं नसतं. तिसरी भाषा आणायचीच असेल तर ती पाचवी-सहावीत आणा, आधी शिक्षक तयार करा आणि सुरुवात गडचिरोली, नंदुरबारच्या एकशिक्षकी शाळेपासून करा. तिथे जमलं तर पुण्या-मुंबईत जमेल.

लेकीच्या टेबलावर आता स्वीडिशची नवी वही आहे. शेजारी बाबांनी पोस्टाने पाठवलेली दुरेघी वही. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात शाळा, फळा, कमळ, बाळ. खाली तिने पेन्सिलने गिरवलंय. ‘कमळ’ तीनदा खोडलंय, चौथ्यांदा नीट आलंय.