लॉरेन्स, कॅन्सस: रँकिंगच्या पलीकडचं गाव

आपल्याकडे अमेरिकेतल्या लॉरेन्सचं नाव निघतं ते ॲडमिशनच्या हंगामात, तिथल्या कॅन्सस विद्यापीठासाठी, आणि पहिला प्रश्न ठरलेला: रँकिंग किती? माझं स्पष्ट मत आहे, या गावात विद्यापीठ नंतर आलं. आधी आलं ते भांडण.

1854 मध्ये कॅन्ससात गुलामगिरी असावी की नसावी, हे तिथल्या रहिवाशांच्या मतांवर सोडलं गेलं. मग काय, बोस्टनकडच्या विरोधकांनी मतं वाढवायला माणसंच पाठवली. गावाला त्यांच्यातल्या धनिक ॲमॉस लॉरेन्सचं नाव, मुख्य रस्त्याला त्यांच्या मॅसॅच्युसेट्स राज्याचं. गुलामगिरीच्या बाजूच्या टोळक्याने 1856 मध्ये फ्री स्टेट हॉटेल जाळलं. 21 ऑगस्ट 1863 ला भल्या पहाटे क्वांट्रिल, शेजारच्या मिझुरीकडच्या गुलामगिरी-समर्थक टोळीचा म्होरक्या, शेकडो घोडेस्वार घेऊन आला आणि दीडशेच्या वर पुरुष आणि पोरं मारून गेला. हा क्वांट्रिल आधी याच गावात खोट्या नावाने राहिलेला! त्याला हवा होता गुलामगिरीविरोधी सिनेटर जिम लेन. लेन अंगावरच्या झोपायच्या कपड्यांनिशी मक्याच्या शेतात पळाला म्हणून वाचला. हॉटेल पुन्हा जळलं, पुन्हा उभं राहिलं. आज त्या जागी एल्ड्रिज हॉटेल आहे. आणि तीनच वर्षांत, 1866 मध्ये, टेकडीवर विद्यापीठाचे वर्ग भरू लागले. शहराच्या मुद्रेवर राखेतून पुन्हा उठणारा फिनिक्स पक्षी उगाच नाही.

  

पण राखेतून उठल्याच्या या अभिमानाची मला एक गोष्ट खटकते. आग लावणारे बाहेरचे होते, तोवर गोष्ट सांगायला सोपी जाते. कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज आजीकडे इथेच वाढला. आजीचा पहिला नवरा जॉन ब्राऊनच्या गुलामगिरीविरोधी उठावात मेलेला, आणि नातवाच्या वर्गात काळ्या मुलांची रांग वेगळी! बारा-तेरा वर्षांच्या त्या पोराने बाकांवर 'जिम क्रो रांग' अशी कार्डं लावली (काळ्यांना वेगळं ठेवण्याच्या पद्धतीचं नाव 'जिम क्रो'). ही रांग काही मिझुरीच्या लोकांनी लावली नव्हती.

त्याआधी 1884 मध्ये गावाच्या दक्षिणेला सरकारने मूळनिवासी मुलांसाठी वसतिशाळा काढली. केस कापायचे, गणवेश चढवायचा, घरची भाषा बोलायची नाही. तिथे शंभराहून जास्त मुलांची थडगी आहेत. त्याच शाळेचं आज हॅस्केल इंडियन नेशन्स युनिव्हर्सिटी झालंय, आणि ती आदिवासी जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. म्हणजे लॉरेन्समध्ये विद्यापीठं दोन. आपले पालक मुलांना सोडायला जातात, स्टेडियमसमोर फोटो काढतात, मॅस स्ट्रीटवर, म्हणजे त्या मुख्य रस्त्यावर, जेवतात आणि परततात. दुसऱ्या विद्यापीठाचं नावही त्यांच्या कानावर पडत नाही. गाडी भाड्याने घेतलेली असतेच, हॅस्केलला जायला काही मिनिटं पुरतात. या ऑगस्टमध्ये कोणी जाणार असेल तर जरूर जा.